बाहेरकाठ्याला खांड गेलीय, पुढच्या उधाणाआधी बुजवायचीय – हात लावा

गावकरी मंडळी आणि मुंबई-ठाणे-पनवेलला नोकरीला असलेले आपले सगळे,

परवाच्या अमावस्येला धरमतर खाडीकडचा आपला बाहेरकाठा (खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध) फुटला. सकाळी चिंबोरीच्या बिळातून नुसतं पाझरत होतं, पोरांनी पेंढा-चिखल कोंबून बघितला, पण दुपारची भरती चढली तशी माती ढासळत गेली आणि उघाडीच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) बाजूला ट्रॅक्टर जाईल एवढी खांड पडली. आता प्रत्येक भरतीला पाणी शेतात.

खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत राहायचं म्हणजे हे आलंच. ह्याच खाडीने निवट्या, कोलंबी, तळ्यातला जिताडा दिला, जिताड्यासाठी लोक कुठून कुठून गाड्या घेऊन येतात. पण आपली शेतं उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली, मध्ये फक्त मातीचा काठा. खारं पाणी एकदा मुरलं की दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय भात धड येत नाही, पनवेल-३ सारखं खार सोसणारं बियाणं आहे पण तेही किती सोसणार. आणि पाण्याबरोबर कांदळाचं (खारफुटीचं) बी येतं, ते शेतात रुजलं की सातबारा आपला पण कायद्याने झाडाला हात लावायची सोय नाही. (कांदळ वाईट नाही हां, काठ्याच्या बाहेर असला तर लाटा तोच अडवतो.)

पूर्वी जोळ असायचा, घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर, पैशाचा विषयच नाही. आता घरटी माणूसच गावात नाही म्हणून पोकलेन लावावं लागतंय. सरकारी ऑफिसात अर्ज दिलाय, पण पावसाआधी काय हलेल असं वाटत नाही, स्पष्टच सांगतो.

तर डिझेल, माती आणि डंपरच्या भाड्यासाठी जमेल तेवढी मदत करा. गावात जमीन नसली तरी चालेल, दरवर्षी जिताडा आणि पोपटी खायला येणाऱ्या पाव्हण्यांनी पण मनावर घ्या. पैसे खजिनदारांकडेच द्या, पावती घ्या, कोणाच्या पर्सनल नंबरवर टाकू नका. प्रत्येक बिलाचा फोटो ग्रुपवर येईल.

काम अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) काढतोय, तेव्हा पाणी कमी चढतं. ज्यांना सुट्टी मिळेल त्यांनी घमेलं-फावडं घेऊन या, जेवण मंडळाकडून, भात आणि जवळा. ओहोटीवर काम असल्यामुळे टाइम आदल्या रात्री कळवू.