उत्तर त्याच पानावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला डॉ. जयंत नारळीकरांच्या बालपणावरचा लेख आवडला, पण त्याचा सूर खटकला. वडील रँग्लर (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले), घर विद्यापीठाच्या आवारात, म्हणजे पोरगा केंब्रिजला जाणारच होता, असे वाचणाऱ्याला वाटते. शिक्षण इंग्रजीतून झाले असावे असाही समज होतो. जन्म कोल्हापूरचा (१९३८) असला तरी ते वाढले बनारसला, कारण वडील विष्णुपंत तिथल्या हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. शाळा सेंट्रल हिंदू स्कूल, आणि शिकवणे हिंदीतून. घरी मराठी, शाळेत हिंदी, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. हाच मुलगा १९५७ साली बनारसहून बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेला आणि १९५९ मध्ये गणितात सीनियर रँग्लर, म्हणजे रँग्लरांत पहिला, झाला.

मोरूमामा मात्र लेखात एका ओळीत उरकले, याची चुटपूट लागली. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. मुलांना रेघोट्या ओढायला वडिलांनी घरात खडूचे काळे फळे करून दिले होते. मामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, एम.एस्सी. करायला बहिणीकडे राहायला आले. भाच्याला गणिताची गोडी आहे हे त्यांनी हेरले आणि एक दिवस फळ्यावर कोडे लिहून ठेवले. वर मथळा: 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन', म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. भाचा ते सोडवेपर्यंत, नाहीतर हात टेकेपर्यंत, कोडे फळ्यावरून हलत नसे. (ही आद्याक्षरे नारळीकरांच्या मनात चांगलीच मुरली असावीत. पुढे मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवताना त्यांनी टोपणनाव घेतले नारायण विनायक जगताप. त्याची आद्याक्षरे उलटीकडून वाचून पाहा.)

मी तेहतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. मोरूमामांसारखे एकदाही वागलो नाही. पस्तीस मिनिटांचा तास. उदाहरण घातले की मुले माना खाली घालत, आणि दोन मिनिटे होतात न होतात तोच मी खडू उचलून स्वतःच सोडवून टाकी. पोर्शन संपवायचा असे. फळा तासाला चार वेळा पुसला जाई.

निवृत्तीनंतर नातीसाठी बाल्कनीच्या भिंतीचा एक तुकडा काळा रंगवून घेतला. दृष्ट लागू नये म्हणून म्हातारा काहीतरी करतोय, असे रंगाऱ्याला वाटले. पहिले कोडे घातले: १ ते १०० आकडे लिहिताना ९ हा अंक किती वेळा लिहावा लागेल? नातीने पाच मिनिटांत १० लिहिले. 'बघ परत' एवढेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी १० खोडून १९ झाले. मी पुन्हा गप्प. सूनबाई म्हणाल्या, 'बाबा, सांगून टाका ना, पोरगी जेवत नाहीये.' मला स्वतःलाच गप्प राहणे किती जड गेले ते काय सांगू, तेहतीस वर्षांची खोड! चौथ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तरासकट थेट बाल्कनीत, आणि तिथूनच ओरडली. काय ओरडली ते इथे लिहीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या बालपुरवणीतले कोडे बऱ्याचदा छान असते, पण उत्तर त्याच पानाच्या तळाशी उलटे छापलेले. मुले आधी पान फिरवतात, मग 'हॅ, सोपं होतं' म्हणतात. नातीचेही तेच. मी कात्रीने तळाची पट्टी कापून ठेवायला लागलो, तर मागच्या बाजूच्या गोष्टीचा शेवट गेला आणि घरात भांडण झाले.

तेव्हा विनंती एवढीच, की उत्तर पुढच्या रविवारी द्यावे. जमल्यास मुलांकडून पोस्टकार्डावर मागवावे. नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारा, उत्तराखाली माझी सही मिळेल. पोस्टकार्ड अजून ५० पैशांनाच मिळते. पोस्टातून दहा आणून ठेवली आहेत, त्यांतले पहिले नात आपल्याला पाठवील.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा