सहा सेंटिमीटर सेलोटेपबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

शनिवारी कोलोरॅडोच्या त्या माळावर तुम्ही माझ्या मुलीच्या छोट्या मॉडेल रॉकेटपाशी गुडघे टेकून बसलात. गडबडीत तुमचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून आज सगळ्यांसमोर मानते.

दोन टप्प्यांचं रॉकेट घेतल्यापासून जो तो एकच सांगत होता: घट्ट करा. विकणारा म्हणाला, सांध्यावर मास्किंग टेपचे चार वेढे द्या. दुसऱ्याने कपलरला, म्हणजे दोन टप्पे जोडणाऱ्या नळीला, गोंद लावायला सांगितला. का, असं विचारलं तर "लहान मुलीला एकटप्पी पुरे" म्हणून मोकळे. टप्पे जोडायचे ते सुटण्यासाठीच, एवढं एक वाक्य त्यांच्यापैकी कुणालाही सांगावंसं वाटलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी मोटरी, म्हणजे दारू भरलेली नळकांडी, हातात घेतलीत. खालची सी६-० जातीची. तिच्यात पॅराशूट उघडण्याआधी वेळ काढणारा विलंबाचा मसाला नाही, पॅराशूट बाहेर फेकणारी दारू नाही, वर मातीचं झाकणही नाही. दारू जळत जळत वर सरकते, शेवटचा पातळ थर फुटतो आणि तापलेला वायू नि जळते कण थेट वरच्या सी६-७ मोटरीच्या नोझलमध्ये, म्हणजे तिच्या खालच्या तोंडात, घुसतात. पण नेमक्या त्याच क्षणी तो दाब दोन्ही मोटरींना एकमेकींपासून लोटत असतो. टेप नसेल तर वरची पेटायच्या आत टप्पे फाकतात, आणि न पेटलेला वरचा टप्पा पॅराशूट न उघडता नाकावर येऊन आपटतो. टेप जास्त झाली तर वरची पेटूनही बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, लोंबकळत राहू शकतो. म्हणून दोन्ही मोटरी एकमेकींना टेकवायच्या आणि सांध्यावर साध्या पारदर्शक सेलोटेपचा एकच वेढा.

मास्किंग टेपची जागा वेगळी, मोटर आणि नळी यांच्यामध्ये, आणि तीसुद्धा दोन्ही टप्प्यांत. खालची मोटर सैल असेल तर ती एकटीच मागे निसटते आणि रिकामा बूस्टर वरच्याला चिकटून राहतो.

कपलरही तुम्हीच तपासलात. टेप लावण्याआधी वरचा टप्पा उभा धरला की बूस्टर आपल्या वजनाने घसरून यायला हवा, पण बाजूला डुगडुगायला नको. आमचा अडकत होता. दमट हवेत पुठ्ठा फुगतो. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवलात, चिमूटभर पावडर लावलीत, झालं.

मनात राहिलं ते मात्र पुढचंच. १८ मिमी मोटरीचा घेर साडेछप्पन मिलिमीटर. तुम्ही सहा सेंटिमीटरची पट्टी फाडलीत आणि स्वतः न लावता मुलीच्या बोटावर चिकटवलीत. तिची तिरकी बसली. तुम्ही काही न बोलता दुसरी फाडलीत. ती सरळ बसली, तेव्हा तिसरी फाडून आमच्या डब्याच्या झाकणाला आतून लावलीत. "ही पुढच्या वेळची."

तोवर तुमचं स्वतःचं रॉकेट टेबलावर पडून होतं आणि वारा वाढत चालला होता. जाणता माणूस आपलं काम बाजूला सारून एका अनोळखी पोरीच्या तिरक्या टेपसाठी थांबतो, आणि तिच्या हातातलं काम तिच्याच हातात ठेवतो. असा चांगुलपणा फार कमी बघायला मिळतो हो. शिकवणारे पुष्कळ भेटतात. स्वतःचा हात मागे ठेवून शिकवणारे थोडे.

दोन सेकंदांच्या आत दुसरी मोटर पेटली. बूस्टर गिरक्या घेत गवतात पडला. तो आखूड असतो, कोलांट्या खात सावकाश येतो, त्याला पॅराशूट लागत नाही, हे शेजारच्यांना तिनेच समजावून सांगितलं.

झाकणावरची पट्टी अजून तशीच आहे. मुलगी ती काढू देत नाही. नवी फाडायची असली की आधी त्या पट्टीला लावून मोजते.