कोपीतला चहा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, गावाचंही नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या शिरूर कासार तालुक्यातली ऊसतोड टोळी कोल्हापूरकडच्या ज्या फडावर उतरली होती, त्याच्या शेजारच्या गावच्या तुम्ही आशा सेविका. टोळीच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, तुमच्या यादीत नव्हत्या. आशाला लोकसंख्येवर गाव वाटून दिलेलं असतं, आणि पाचटाच्या कोप्या कुठल्याच गावाच्या लोकसंख्येत धरत नाहीत. तरी तुम्ही गेलात.

त्याआधी काय झालं तेही लोकांना कळू दे. टोळीतल्या आमच्या गावच्या एका बाईला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, उतरलेलं वजन. एवढं दिसलं की क्षयरोगासाठी थुंकी तपासायची, हे आमच्या खात्यात पहिल्यांदा शिकवतात. एका खाजगी दवाखान्यात तिला तीन वेळा इंजेक्शन आणि खोकल्याची बाटली मिळाली, थुंकी कुणी मागितली नाही. एका सरकारी दवाखान्यात सांगितलं, "पत्ता बीडचा आहे, तिकडेच जा." खरं तर क्षयरोगाची तपासणी आणि गोळ्या कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट असतात, आणि निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा क्रमांक, एकदा पडला की तो रुग्णाबरोबर देशभर चालतो. तिला परत पाठवणाऱ्याने तिच्या एका फेरीची किंमत विचारली नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक बसलं की दुसऱ्याचंही काम अडतं, वर खाडा, म्हणजे सुट्टीचा दंड, लागतो, दिवसाला 500, कुठे 1000 रुपये, आणि तो उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, कर्जात जाऊन बसतो. बीडला जाऊन यायचं म्हणजे तीन खाडे. म्हणून बाई खोकत खोकत मोळ्या उचलते. याला लोक अडाणीपणा म्हणतात, तेव्हा आम्हाला फार राग येतो.

तुम्ही रात्री 8 वाजता गेलात. टोळी पहाटे 4 ला फडात असते, दिवसा कोपीत म्हातारी आणि लेकरंच सापडतात, हे तुम्हाला माहीत होतं. सासूने तिचं ताट, तांब्या, वाकळ सगळं वेगळं काढलेलं. चहा तिनेच ठेवला, पण पेला तुमच्यापुढे धरायला धजेना. तुम्ही हात पुढे केलात, तिच्या हातातून पेला घेतलात आणि सगळ्यांच्या देखत चहा प्यायलात. पिता पिता सासूला सांगितलंत, "मावशी, हा आजार खोकल्यातून हवेने पसरतो, भांड्याने नाही. पदर तोंडाला धरू दे, कोपीचं तोंड उघडं ठेवा, बास." दुसऱ्या दिवशी तिचं ताट परत सगळ्यांत आलं. गावी आल्यावर तिने आम्हाला पहिल्यांदा हेच सांगितलं. गोळ्यांचं नंतर.

ताई, ज्या घरात ताट वेगळं होतं त्या घरात गोळ्या लपवून घेतल्या जातात, आणि लपवून घेतलेल्या गोळ्या चुकतात. आम्ही ही गोष्ट सभांमधून सांगत आलो. तुम्ही ती एका पेल्यात केलीत.

बाकीचं काम तुमच्यासाठी रोजचं असेल, पण आम्ही तिचं कार्ड नीट पाहिलं आहे. वजन 38 किलो, म्हणून रोज 3 गोळ्या. आधी 56 दिवस चार औषधांच्या, मग 112 दिवस तीन औषधांच्या. लघवी लालसर होईल, घाबरू नको, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. ते न सांगितल्यामुळे पहिल्याच आठवड्यात गोळ्या सोडलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते आणि माणूस म्हणतो, झाले बरी. नेमक्या त्याच आठवड्यांत तुमच्या खुणा सगळ्यात दाट आहेत. दोन्ही लेकरांची तपासणी करून त्यांनाही प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू केल्यात. क्षयरुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 झालेत, पण तिचं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबली, तो दिवस हेरून तुम्ही तिला बँकेत नेलंत. खाडा लागला नाही आणि केवायसीही झालं. असा दिवस हेरायला फडाचं गणित कळावं लागतं.

मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. तोड चार-पाच महिन्यांत संपते, गोळ्या सहा महिने चालतात, आणि बरेच रुग्ण इथेच गळतात. तुम्ही निक्षयवर तिची बदली केलीत, हातात 15 दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या दिल्यात आणि टोळीचा ट्रक निघाल्या रात्री आम्हाला फोन केलात. आम्ही सकाळी तिच्या दारात होतो.

जूनमध्ये उपचार पूर्ण झाला. थुंकी स्वच्छ, वजन 44 किलो. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. पहिली डिसेंबरात, म्हणजे ऐन हंगामात. टोळी त्याच कारखान्याला येणार असं मुकादम म्हणतो. थुंकीची डबी तुम्हीच न्या, कार्ड तिच्याजवळ असेल. आणि तिने सांगायला लावलंय की या वेळी पेला ती स्वतः पुढे करणार आहे.

आपल्या,
शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावच्या आशा आणि आरोग्य सेविका