मे महिन्यात आम्ही येत नाही

आई, बाबा,

फोनवर सांगणार होते पण आई तू लगेच रडतेस आणि मग मलाही बोलता येत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा तिला.

मे महिन्यात आम्ही येत नाहीये. मांडवीची तिकिटं कॅन्सल केली. चिऊ मजेत आहे, पोटभर पिते, रात्री दोनला उठून एकटीच पंख्याशी गप्पा मारते.

रिपोर्ट आले. तिच्या डोळ्यांभोवती आणि डोक्यावर जे लाल गोल चट्टे आलेत ती दृष्ट नाही, उष्णता नाही आणि आई, तुझ्या तेलाने तर अजिबातच नाही. माझ्या रक्तात अँटी-रो नावाच्या अँटीबॉडीज निघाल्या, त्या पोटात असतानाच वारेतून तिच्यात गेल्या. मला काही होतच नव्हतं गं, डोळे चुरचुरायचे ते आपण कॉम्प्युटरवर ढकलायचो. बऱ्याच बायकांना बाळाला चट्टे आल्यावरच कळतं म्हणे. गोवरापासून बाळाला वाचवणाऱ्या अँटीबॉडीजही आईकडून याच वाटेने जातात, वार काही निवडून पाठवत नाही.

याला निओनेटल ल्युपस म्हणतात. बाबा, प्लीज गुगल करत बसू नका, तिथे मोठ्या माणसांचा ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, दिसेल आणि तुम्ही रात्रभर पडवीत फेऱ्या माराल. चिऊला तो झालेला नाही. तिचं शरीर या अँटीबॉडीज बनवत नाही, माझ्याकडून आलेल्या संपल्या की चट्टेही जातात, साधारण ६ ते ८ महिन्यांत. खरी भीती हृदयाची असते, अशा १०० गरोदरपणांत साधारण २ बाळांना हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे नस तुंबत नाही, हृदयातले विजेचे संकेत अडतात, ठोके मंदावतात आणि पूर्ण ब्लॉक झाला तर तो परत सुधारत नाही. तिचा ईसीजी नॉर्मल आहे. प्लेटलेट आणि लिव्हरही ठीक. हे आधी कळवलं नाही कारण तुम्हाला तिथे नुसतं बसून वाट बघायला लावायचं नव्हतं.

आता उन्हाचं. आई, खळ्यात पायांवर घेऊन कोवळ्या उन्हात न्हाऊ घालणं, मला पण तसंच वाढवलंस ना, तुझ्या पायांवर पालथं पडलं की मी रडायची थांबायचे असं आज्जी सांगायची. उन्हाने हे चट्टे वर येतात हे खरंय, पण मूळ कारण माझ्या रक्तातच होतं आणि कित्येक बाळांना तर जन्मतःच दिसतात, तेव्हा डोक्यात जे चाललंय ते काढून टाक. फक्त काही महिने ऊन नको, आणि आपल्याकडचं मे मधलं ऊन सकाळी आठलाच डोळे दिपवतं. इथे जाड पडदे लावलेत, डी व्हिटॅमिनचे थेंब चालू आहेत, डॉक्टरांनी दिलेलं सौम्य क्रीम लावतेय. अंगावरचं दूध चालतं, विचारून घेतलंय. तुझे डिंकाचे लाडू रोज खाते, शपथ.

दुसऱ्या बाळाचं आत्ता विचारू नकोस. वेळ आलीच तर हार्ट ब्लॉकचा धोका कमी करायला हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी असते आणि पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी वरचेवर करतात.

आणि तुझं काय चाललंय? भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, बोटं सकाळी आखडतात, आणि वर म्हणतेस वय झालं. अशा गोष्टी घराण्यात असू शकतात. या आठवड्यात रत्नागिरीला जाऊन दाखव, अँटी-रोची टेस्ट करायची का ते विचार. बाबा, तुम्ही सोबत जायचं, बाहेर पेपर वाचत नाही बसायचं, आत जायचं आणि ती काय लपवते ते सांगायचं.

गणपतीला नक्की येऊ. तोवर पाऊस असेल, ढग असतील, चट्टे उतरत आलेले असतील, उष्टावण आपल्याच घरी करू. पाळणा काढून ठेवा पण रंग आत्ता देऊ नका, वास जात नाही. आंब्याची पेटी पाठवलीत तर चालेल, पण बाबा, झाडावर गडी चढेल, तुम्ही नाही.

तुमची,
मनू