मामा, दुसरी चावी तुमच्याकडेच राहू द्या

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार तोंडावर मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्या वेळी तुम्ही रेडिओचा आवाज वाढवलात. दुसऱ्या वेळी गॅरेजातल्या पोऱ्याला ओरडून दहा नंबरचा पाना मागितलात, आणि पाना तुमच्याच हातात होता. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. तुमची नात हे वाचून दाखवेल आणि तेव्हा रेडिओ तिने आधीच बंद केलेला असेल, तसं तिच्याशी बोलून ठेवलंय.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. २००७ च्या डिसेंबरात मी करिझ्मा ही मोटरसायकल घेतली. २२३ सीसी, सतरा हॉर्सपॉवर, पंधरा लिटरची टाकी. तेव्हा आमच्या ठाण्यात लांब फिरणारे दोन पंथ होते, बुलेटवाले आणि करिझ्मावाले, आणि वाद रात्री तलावपाळीला आइस्क्रीम वितळेपर्यंत चालायचा. गणपतीपुळे, महाबळेश्वर, एकदा गोवा, आणि दर जुलैत माळशेज. मग २०१४ च्या पावसात घोडबंदर रोडला, गायमुखच्या वळणावर सांडलेल्या डिझेलवरून गाडी सटकली. कॉलर बोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. गाडीला फारसं काही झालं नव्हतं. ती दुरुस्त करून घरी आणली, वर कव्हर घातलं, आणि अकरा वर्षं ते कव्हर निघालं नाही.

विचारणाऱ्यांना मी सांगायचो, वेळ कुठे मिळतो?

गेल्या वर्षी चरईतली आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. पार्किंग मोकळं करा अशी नोटीस लागली. भंगारवाला बघून गेला, साडेचार हजार म्हणाला. मेहुण्याने सल्ला दिला की नवीन करिझ्मा आलीये, २०२३ ची, पाणी फिरून थंड होणाऱ्या इंजिनची, ती घे आणि ही दे. सल्ला वाईट नव्हता. पण भंगारवाल्याने हँडल धरून गाडी हलवली तेव्हा मी त्याला म्हटलं, राहू दे, उद्या सांगतो. आणि संध्याकाळी दोन्ही टायर बसलेली गाडी ढकलत चरईहून उथळसरला तुमच्या गॅरेजपर्यंत आलो. अंतर फार नाही, पण माझा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. तुम्ही गाडीकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि पोऱ्याला म्हणालात, "आधी यांना पाणी दे."

मामा, त्या दीड महिन्यात मी तुमच्याकडे जितका बसलो तितका ऑफिसच्या मीटिंगमध्येही बसलो नसेन. टाकीचं झाकण उघडल्यावर वार्निशसारखा वास आला होता, आठवतं? तुम्ही टाकी उतरवलीत, त्यात मूठभर जुने नट टाकलेत आणि माझ्या मांडीवर दिलीत. "हलवा." बाळाला झोपवावं तसा मी ती अर्धा तास हलवत होतो आणि आतून गंजाचं चहासारखं पाणी निघत होतं. कार्बोरेटरचं पायलट जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, तुम्ही उजेडाकडे धरून दाखवलंत. त्यातलं भोक केसाएवढं, आणि तेच जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेलं. आतला रबरी पडदा कडक होऊन कडेला चिरला होता. तो मिळेपर्यंत बारा दिवस गेले, कारण टाकीवर जे नाव आहे, हिरो होंडा, त्या नावाची कंपनीच आता राहिलेली नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पेट्रोलचे पाइपही तुम्ही बदलायला लावलेत. वर दम दिलात की पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवायचा.

टायरवरून मात्र मी तुमच्याशी भांडलो. नक्षी चांगली जाड होती, २०११ च्या शेवटाला घातलेले टायर, फार चाललेलेही नाहीत. तुम्ही काही बोलला नाहीत. कडेला कोरलेल्या चार आकड्यांवर बोट ठेवलंत, ४१११. एक्केचाळिसावा आठवडा, साल अकरा. मग त्याच जागी अंगठ्याचं नख दाबलंत आणि ते चिरेत अर्धं आत गेलं. भांडण संपलं. माझ्या जुन्या हेल्मेटचंही तसंच. आतलं थर्माकोल अंगठ्याने दाबल्यावर भुगा होऊन पडलं, आणि मी ते "अजून चांगलं आहे" म्हणून माळ्यावर जपून ठेवलं होतं.

कागदपत्रांचं रडगाणं इथे गात नाही. एमएच ०४ ची पंधरा वर्षांची नोंदणी २०२२ लाच संपलेली, मग टेम्पोत घालून तपासणीला नेणं, पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा, २०१९ च्या आधीच्या गाड्यांना लागणारी ती नवी नंबरप्लेट. एका एजंटने सांगितलेल्या आकड्यात आणखी एक जुनी करिझ्मा आली असती. तुम्ही म्हणालात स्वतः जा, म्हणून गेलो. दोन सुट्ट्या खर्ची पडल्या आणि काम झालं.

पण मला आभार मानायचेत ते गाडीचे नाहीत. चावीचे.

सगळं झालं, गाडी एका सेल्फला सुरू झाली, मी बिल दिलं आणि हात पुढे केला. तुम्ही चावी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलीत. म्हणालात, "गाडी तयार आहे. तुम्ही नाही." मला राग आला होता, मामा. माझी गाडी, माझे पैसे. मी म्हटलं, अहो, गोव्याला जाऊन आलोय मी हिच्यावर. तुम्ही प्लग पुसत, वर न बघता विचारलंत, "अकरा वर्षं वेळ नव्हता, का भीती होती?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बायकोला माहीत असणार, पण तिने कधी शब्द काढला नाही. तुमच्या स्टुलावर बसून, हाताला ग्रीस लागलेलं असताना, मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं की अजूनही कॅबमधून गायमुख उतरताना माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो, नसलेल्या ब्रेकवर. तुम्ही "भीती जाईल" वगैरे काही म्हणाला नाहीत. "रविवारी सहाला कोलशेतला या" एवढंच म्हणालात.

पहिल्या रविवारी तुम्ही दोन विटांचे तुकडे टाकून आठ काढायला लावलात. आरटीओत अठरा वर्षांची पोरं काढतात तो आठ. मला हसू आलं, आणि दुसऱ्याच फेरीत, चालण्याच्या वेगात, मी पडलो. दीडशे किलोची गाडी डाव्या अंगावर, इंडिकेटर फुटला, गुडघा सोलला, आणि मॉर्निंग वॉकवाल्या दोन आजी थांबून बघायला लागल्या. तुम्ही आलात, आधी गाडीचं पेट्रोल बघितलंत, मग म्हणालात, "विटेकडे काय बघतोस? वीट पळून जाणारे का?" त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा अरे-तुरे केलंत. तुमच्या लक्षात आलं का ठाऊक नाही, माझ्या आलं.

त्यानंतरचं तर मी ऑफिसात नकलेसकट सांगतो. तुम्ही लांब उभे राहून हाताची बोटं वर करायचात आणि मी वळता वळता ओरडून आकडा सांगायचा. तीन! दोन! चार! मान वर राहिली की गाडी आपोआप वळायची. दुसऱ्या रविवारी मी दोनाचे तीन सांगायला लागलो तेव्हा तुम्ही चष्मा मागून घेतलात, डोळ्याला लावून बघितलात आणि डॉक्टरकडे पिटाळलंत. जवळचा नंबर खालच्या भागात असलेला माझा चष्मा गाडीवर उलटा त्रास देत होता. आता गाडीसाठी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा आहे. अकरा वर्षांत माझे डोळेही बदलले असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ब्रेकचे मात्र तीन रविवार गेले. या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, नाही. हिच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी ते सक्तीचं झालं. ओल्या रस्त्यावर तुम्ही मागचं चाक मुद्दाम लॉक करून दाखवलंत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पायात चप्पल घालून (चपलेबद्दल मी तुम्हाला बोललो, तुम्ही ऐकलं नाही). आणि पुढचा ब्रेक? "हिसका नाही. सरबताला लिंबू पिळतोस ना, तसा." मी अजून हँडल धरलं की मनात लिंबू धरतो.

सहाव्या रविवारी तुम्ही खिळ्यावरची चावी काढून दिलीत. भाषण नाही, काही नाही. घरी आलो तर बायकोने एवढंच विचारलं, "हेल्मेट नवीन घेतलंस ना?"

सप्टेंबरात इगतपुरीला निघालो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे आपला जुना कसारा घाटच. माजिवडा ते वडपे हा रुंदीकरणाचा रस्ता आणि डाव्या-उजव्या बाजूने कंटेनर, खांदे कानाला लागले होते माझे. शहापूर सोडलं आणि समोर घाटावर काळंकुट्ट दिसायला लागलं. पूर्वीचा मी गेलो असतो, किंबहुना वेग वाढवून गेलो असतो. मी एका टपरीवर थांबून चहा घेतला आणि परत फिरलो. वाटेत तुम्हाला फोन केला, थोडा खजील होऊनच. तुम्ही म्हणालात, "बरं केलंस. चेन किती सैल झालीये बघ."

ऑक्टोबरात पोचलो इगतपुरीला. घाटातल्या वळणांवर मी मोठ्याने आकडे म्हणत होतो, बाजूच्या एसटीच्या खिडकीतून एक पोरगं माझ्याकडे टक लावून बघत होतं. गायमुखवरून अजून गेलेलो नाही. मेट्रोचे पत्रे, खड्डे, ट्रॅफिक अशी कारणं भरपूर आहेत, पण तुमच्यापुढे ती सांगण्यात अर्थ नाही. जाईन तेव्हा तुम्हाला मागे बसवून नेणार आहे. चप्पल चालणार नाही.

आणि हो, दुसरी चावी अजून तुमच्याच खिळ्यावर आहे. पोऱ्याने दोनदा आठवण केली, घेऊन जा म्हणून. राहू द्या तिथेच. एक म्हणजे मी चाव्या हरवतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दुसरं म्हणजे पुन्हा कधी ती गाडी कव्हरखाली महिनाभर दिसली, तर तुम्ही येऊन घेऊन जावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
करिझ्मावाला, चरई (सध्या भाड्याने, पाचपाखाडी)