लिटरच्या मगापलीकडची जर्मनी

महोदय,

जर्मनी म्हटलं की आपल्या पुरवण्यांत म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा बीअरचा उत्सव आणि बीअरचे लिटरचे मग ठरलेले. नोकरीसाठी कोलोनला राहायला आले आणि इथलं चित्र निराळंच दिसलं. इथली ‘क्योल्श’ बीअर उभट, जेमतेम २०० मिलिलिटरच्या ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलने रेघ ओढतो. शेवटी रेघा मोजून बिल. पुरे झालं, तर चकती ग्लासावर झाकायची. शेजारच्या ड्युसेलडॉर्फची तांबूस ‘आल्ट’ बीअर मात्र इथे मागू नये. पुणे-मुंबई वाद ऐकत वाढलेल्यांना कारण सांगायला नको.

बीअरपेक्षा मी रमले पावात. राय या धान्याचा, आंबवलेल्या पिठाचा पाव काळपट, जड आणि चांगलाच आंबूस असतो. जर्मनीच्याच वेस्टफालिया भागातला पुम्परनिकेल हा राय पाव तर कमीत कमी १६ तास मंद आचेवर भाजतात. काळा रंग आणि गोडसर चव त्यातूनच येते. पातळ काप, वर सढळ हाताने लोणी. (लसणाची चटणीही झकास लागते, इथल्यांना पटो न पटो!)

इथे शिकायला येणारी आपली मुलं सुपरमार्केटच्या पांढऱ्या टोस्टवर दिवस काढतात, याचं वाईट वाटतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत अर्धा पावही मिळतो, तोही काप करून. आणि बीअर न पिणाऱ्यांनी संकोच करू नये, बिनअल्कोहोलची बीअर इथे सर्रास मिळते.

— एक वाचक, कोलोन (मूळ सांगली)