मालवणच्या मासळी बाजारातल्या काकींना

प्रिय काकी,

साष्टांग नमस्कार.

तुमच्याबद्दल चार ओळी लिहिणार म्हटल्यावर तुम्ही एकच अट घातलीत. "नाव घालू नको. घातलंस तर फाल्यापासून तुका शिळे बांगडे." म्हणून नाव नाही. बाजारात ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. हे पत्र तुमची नात वाचून दाखवणार आहे. तिला एकच सांगणं, मालवणी वाक्यं आली की आजीचा आवाज काढायचा नाही.

सावंतवाडीला माझी चित्रं लागली तेव्हा लोक विचारत होते, कुठे शिकलात? ब्रश धरायला आणि रंग कालवायला कॉलेजातल्या सरांनी शिकवलं, ते ऋण आहेच. पण रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून खेचायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणाऱ्या चित्रातल्या ढोक पक्ष्यापुढे उभी राहून माणसं खुदुखुदु हसत होती, ते हसू तुमच्या मासळीच्या पाटीवरून आलेलं आहे. तिथे गर्दीत ते नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या घरात मासा शिजत नाही हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बांगडा कसा उचलायचा तेच मला ठाऊक नव्हतं. "खायत नाय आणि बांगडो कित्याक व्हयो?" असं तुम्ही विचारलंत, आणि चित्र काढायचंय म्हटल्यावर शेजारच्या काकीकडे बघून नुसत्या भुवया उडवल्यात. तरी बर्फातून दोन बांगडे काढून केळीच्या पानात बांधून दिलेत. पैसे घेतले नाहीत, अटी मात्र घातल्यात. एक, दुपारच्या आत बांगडे परत आले पाहिजेत, कारण ते तुमच्या घरी शिजणार. दोन, त्यांना "तुझ्या त्या तेलाचो" वास लागता कामा नये. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनला तुम्ही आजही "तुझा ता तेल" म्हणता, आणि वास घेताना तुमचं नाक जसं आक्रसतं तसं मला अजून रंगवता आलेलं नाही.

या दोन अटींनी माझी रंगवायची पद्धतच बदलली. तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत सावकाश घट्ट होतं. म्हणून आज लावलेला रंग उद्याही हलवता येतो. हापूस, फणस, तांब्याचा हंडा, सुरंगीचा वळेसर यांच्याबरोबर हा आळस परवडतो. सुरंगी सुकली तरी तिचा पिवळा पुढे सोनेरी होत जातो, बिघडत काही नाही. बांगडा मात्र थांबत नाही. तो दुपारी परत द्यायचा म्हटल्यावर एका बैठकीत, ओल्या रंगावर ओला रंग चढवत, काम उरकायला लागलं. टर्पेंटाइन बंद म्हणून रंग ट्यूबमधून निघेल तसा जाडच लावायचा. या घाईने हाताला जो धीटपणा आला, तो कॉलेजात वर्षानुवर्षं सांगूनही आला नव्हता.

घाई करायची म्हणजे आधी काय धरायचं, तेही तुम्हीच सांगितलंत. मी आपली शेपटीपासून सुरुवात करून बसले होते, तुम्ही वाटेत डोकावलात. "डोळो बघ. डोळो आधी मरता, मगे पाठ. शेपटी खंय जाता?" गिऱ्हाइकाला ताजा मासा ओळखायला जे शिकवता तेच. डोळा फुगीर आणि काचेसारखा स्वच्छ असला तर मासा आजचा, आत गेला आणि पांढुरका झाला तर कालचा. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक माशाचा डोळा आधी होतो आणि शेपटी सगळ्यात शेवटी.

मग पाठ. अगदी ताज्या बांगड्याच्या पाठीवर हिरव्या-निळ्यात बारीक सोनेरी रेघा असतात, हे मला कोणत्याही पुस्तकातून कळलं नसतं. बर्फावर राहिला की त्या रेघा काळपटतात, आणि बाजारात उशिरा जाणाऱ्याला वाटतं बांगडा मुळातच काळ्या रेघांचा. तुम्ही उजेडाकडे तिरका धरून दाखवलात तेव्हा सोनं एकदम चमकून गेलं. व्हिरिडियनचा हिरवा आणि प्रशियन ब्लू एकमेकांत पुरते न मिसळता, वर पिवळ्या ऑकरचा एक हलका हात, बस. पोटाच्या चांदीसाठी चांदीचा रंग लावला तर मासा पत्र्याचा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबरचा तपकिरी मिसळून दोन करडे करायचे, एक थंड, एक उबदार. त्यांच्यात केळीच्या पानाची हिरवी झाक, आणि पांढऱ्याचा ठिपका एकच. एरवी कुणी समजावून सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरले असते. इथे मात्र घड्याळ होतं आणि तुमचं कालवण चुलीवर चढायचं होतं.

आता मांजर. तुमच्या पाटीपुढे बसणारा तो करडा बोका मी टोपी घालून, हातात तराजू देऊन काढला. चित्र तुम्हाला दाखवलं, तर टोपीकडे तुम्ही बघितलंही नाहीत. "ह्येका मान खंय आसा? ह्या मांजर की उशी?" मग सुरी खाली ठेवून, मांजर मासा हेरतं तेव्हा काय होतं ते तुम्ही स्वतः करून दाखवलंत. मान लांब, खांदे कानांच्या पातळीला, आणि शेपटीचं फक्त टोक हलतं. भर बाजारात तुम्ही बोका झाला होतात, आणि बाजूच्या काकी "काय गो ह्या" म्हणत डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मी रात्री मांजराचे खांदे पुन्हा काढले. टोपी तीच, तराजू तोच. सकाळी तेच चित्र बघून तुम्ही हसलात.

प्राण्यांची गमतीची चित्रं करणाऱ्यांत माझ्यासारखे बरेच जण टोपी, चष्मा, छत्री यांवर हसू उभं करायला जातात. खांदे खरे असतील तरच टोपी विनोदी दिसते, नाहीतर ते नुसतं खेळण्यांचं दुकान होतं. माझं हे मत आता पक्कं आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडेन.

एका दुपारी फोनवर तुम्हाला एक जुनं चित्र दाखवलं होतं, आठवतंय? जाँ शार्दें नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं. 1728 साली तिथल्या राजाच्या कला अकादमीत त्याला प्रवेश मिळाला तो ज्या चित्रांवर, त्यांतलं हे एक, आता पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे. आकड्याला टांगलेली, पोट फाडलेली वागळी (तो पसरट मासा), टेबलावर भांडी, सुरी, आणि डाव्या बाजूला कालवांवर पाय ठेवून पाठ फुगवून उभं राहिलेलं मांजर. वागळीच्या पोटाकडच्या नाकपुड्या डोळ्यांसारख्या दिसतात आणि खाली तोंड, त्यामुळे ती आपल्याकडे बघून हसतेय असं वाटतं. खरे डोळे वरच्या बाजूला असतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. मी म्हटलं, बघा, मांजर त्या हसणाऱ्या वागळीला घाबरलंय. तुम्ही फोन जवळ घेतलात, लांब धरलात. "कालवांवर पाय देता? कापतले मा! म्हणान पाठ वर इली तेची." कालवांची धार पायाला लागलेल्या माणसालाच हे सुचणार. ते चित्र मी कॉलेजपासून बघत आलेय. आता मला त्यात आधी ते पाय दिसतात.

ढोकाची गोष्ट तर तुमच्यामाझ्यातच राहिली असती, पण सांगायलाच हवी. रापण ओढायला जो हात लावतो त्याला वाटा मिळतो, मग किनाऱ्यावर आशेने उभ्या राहणाऱ्या ढोकानेही दोर का ओढू नये, अशी माझी कल्पना. चार माणसं आणि शेवटी ढोक, सगळे मागे रेललेले. तुम्ही बघून म्हणालात, "रापण वडताना टाच रुताक व्हयी. तुझो ढोक नाचता." बरोबर होतं, पण पंचाईत अशी की पक्ष्याची टाच जमिनीला टेकतच नाही. त्याच्या पायात मागे वाकलेला जो गुडघा आपल्याला दिसतो ती खरं तर त्याची टाच. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मग टाच वाळूत रुतवायची कशी? हे मी समजावून सांगितलं तर तुम्ही क्षणभर थांबून म्हणालात, "मगे मागला बोट रुतव." ढोकाला पुढे तीन बोटं आणि मागे एक. ते मागचं बोट वाळूत घुसवलं, त्याच्यामागे ओल्या वाळूचा एक ढीग दाखवला, आणि ढोकाचं सगळं वजन दोरावर आलं. सावंतवाडीत लोक ज्या जागी हसत होते ती जागा ही. कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण हसत होते ते त्या बोटाला.

पावसाळ्याचंही आहेच. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तुमच्या पाटीत सुके बांगडे, गोलमो, सुकट. माझ्याकडे त्या दिवसांत रंग सुकायचं नाव नाही, कॅनव्हास दमटपणाने सैल पडतो, मागून बुरशीचे ठिपके. तुम्ही म्हणालात, सुक्यावर काम कर, ता खंय जाता! खरंच, तो कुठेच गेला नाही. सुक्या बांगड्याला जे रंग लागतात ते सगळे मातकट, आणि अंबर तर तैलरंगांत लवकर सुकणारा, कारण त्यात मँगनीज असतं. हस्तिदंती काळा त्याच हवेत किती रेंगाळतो ते मला विचारा. उघडीप मिळाली की तुम्ही डब्यातली सुकी बाहेर काढता, तसे मीही कॅनव्हास पडवीत काढायला लागले, आणि उरलेला वेळ ते बल्ब लावलेल्या कपाटात. कॅनव्हासऐवजी दोन्ही बाजूंनी प्रायमर दिलेली प्लायची फळी वापरायला लागले तीही पावसामुळेच. तेलाची फडकी मात्र मी आता ढीग करून ठेवत नाही, एकेक पसरून वाळवते. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. तुमच्या नातीला चित्रकलेची हौस आहे म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

चतुर्थीच्या आठवड्यात तुम्ही पाटी बदलता. माशांच्या जागी माटवीचं सामान, लालभडक कवंडळं, शेरवाडाची पांढरी पानं, सुपारीचे घड, तवशी. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटवी म्हणजे आपल्याकडचं आयतं स्थिरचित्र, पण खालून वर बघून रंगवायचं. मी खाली एक उंदीर काढला, कवंडळाकडे टक लावून बघणारा. "कवंडळ उंदीर खाणा नाय, कडू विख ता." उंदराची नजर मग नारळाकडे वळवली. एवढ्याने त्याच्या चेहऱ्यावर जो लबाडपणा आला तो काय सांगू!

आता देण्याघेण्याचं. ढोकाचं चित्र मागणारे भेटले, पण ते मी दिलेलं नाही, ते तुमचं आहे. लगेच मात्र मिळणार नाही. ढोकाच्या पिसांना रंग जाड लागलाय, तो आतून सुकायला सहा महिने तरी लागतील, त्याआधी वार्निश लावलं तर पुढे तडे जायची भीती. आणि वार्निशशिवाय ते बाजारात लावलं तर खवले, मीठ, पाणी सगळं त्यावर बसणार. तेव्हा शिमगा होऊ द्या. खिळे पितळेचे आणेन, लोखंडी तुमच्याकडे एका पावसात गंजतात. कुठे लावायचं ते तुम्ही ठरवा, फक्त बर्फाच्या पेटीच्या वर नको.

आणि जाळ्यात वागळी आली तर एक माझ्यासाठी बाजूला ठेवा, पोट फाडू नका. त्या दिवशी पहाटे लिलावालाच येते. दुपारच्या आत परत आणून देईन, वास न लागू देता.

तुमची,
बाजारात जिला सगळे 'चित्रावाली' म्हणतात ती